नागनाथची कावीळ

नागपूरहून बंगळुरूला आलेल्या प्रांजलीकडे पहिल्यांदाच एक प्रोजेक्ट सोपवला गेला, आणि त्या आनंदात तिने टीममधल्या कुणालाही न विचारता श्रीरंग अण्णांना तारीख देऊन टाकली. अण्णांची राजाजीनगरात लोणच्यांची दुकानं. त्यांना घरबसल्या ऑर्डर घेणारं अ‍ॅप हवं होतं. तारीख उलटली तरी अ‍ॅप होईना. अण्णांचा फोन आला तेव्हा प्रांजलीच्या तोंडून निघून गेलं, की आमच्या नागनाथला कावीळ झालीय, म्हणून काम अडलंय.

नागनाथ तेव्हा तिच्या शेजारीच बसून काम करत होता.

"अक्का, आजार तरी मला विचारून निवडायचा होता," तो म्हणाला.

अण्णा चिडतील अशी तिची अपेक्षा होती, पण अण्णा फार हळवे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ऑफिसातून नागनाथचा चामराजपेटचा पत्ता घेतला आणि प्रांजलीला कळवलं, की घरचा कडू काढा घेऊन मी निघालोय.

प्रांजलीने घाईघाईने नागनाथला फोन करून अंथरुणात पडून राहायला सांगितलं. नागनाथ कुठलंही काम अर्धवट करत नसे. नुसतं पडून कावीळ कशी दिसणार, म्हणून त्याने तोंडाला हळद फासली. त्याची आई सोयराबाई फुलं घेऊन बाजारातून आल्या आणि पिवळाधमक मुलगा पाहून मटकन खालीच बसल्या. पाठोपाठ अण्णा आले. मग दोघांनी मिळून त्याला काढा पाजायला सुरुवात केली.

प्रांजली बनशंकरीहून रिक्षाने धडपडत पोचली. सगळ्याला मान डोलवायची असं ठरवूनच ती आली होती. पण सोयराबाईंनी तिचा हात धरला आणि विचारलं, "माझा नागू बरा होईल ना हो?"

तिला तिथे मान डोलवणं जमलं नाही.

"त्याला काहीच झालेलं नाही," ती म्हणाली. "तारीख मी चुकीची दिली होती. ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी त्याला आजारी पाडलं."

अण्णांनी नागनाथच्या गालावरून बोट फिरवून जिभेला लावलं.

"हळद चांगली आहे," ते म्हणाले. मग भांडं प्रांजलीपुढे सरकवलं. "काढा उरलाय. तो आता तुम्ही प्या."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत कडू असलेला तो काढा तिने गुमान संपवला. आता खरी तारीख सांगा, असं अण्णा म्हणाले. तिने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि नागनाथकडे पाहिलं. तो म्हणाला, अजून महिना लागेल. 'सरी, ठीक आहे,' म्हणून अण्णा उठले, पण पुन्हा कुणी आजारी पडलं तर काम दुसऱ्याला देईन, हे बजावूनच गेले.

सोयराबाईंनी मात्र कुणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. ऑफिसातल्या बाईला काविळीतलं काय कळतंय, असं म्हणत त्यांनी मुलाला आठवडाभर ताकभातावर ठेवलं. ऑफिसात त्याच्यासमोर बसून चमचमीत बिसीबेळे भात खाणं बरं दिसेना, म्हणून प्रांजलीही डब्यात ताकभातच आणू लागली.