शेवटच्या चढाईचं रेकॉर्डिंग

अस्मिता घाडीने एकदा "मी बघते" म्हटलं की ते काम झालंच, हे दहिसरच्या त्यांच्या चाळीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. पाण्याची मोटर बिघडो नाहीतर मीटरबॉक्समधून ठिणग्या उडोत, हाक तिलाच. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी गवार मोडता मोडता टीव्हीवरची जाहिरात पाहून ती ताडकन उठली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, चंद्रप्रकाशला, वाटलं की पुन्हा कुठे काहीतरी जळलं.

"अहो, माझी मॅच! शनिवारी तीन वाजता माझी मॅच दाखवणारेत!"

फुकटात दिसणाऱ्या सरकारी मराठी वाहिनीवर जुन्या सामन्यांचा एक कार्यक्रम लागायचा. या शनिवारी होती १९९३ची महिला कबड्डीची फायनल, रणझुंजार दहिसर विरुद्ध शिवतेज दिंडोशी. तेव्हा अस्मिता एकवीस वर्षांची होती. दोन्ही संघ अठरा-अठरावर आणि शेवटची चढाई तिची. तिने कोपऱ्यातल्या दीप्ती तावडेला हात लावला आणि मागे वळली. दीप्तीने तिचा घोटा धरला, बाकीच्या चौघी अंगावर पडल्या आणि त्या ढिगाऱ्यातून अस्मिताने मध्यरेषेकडे हात लांबवला. पंचांनी शिट्टी वाजवली आणि गुण अस्मिताला दिला. कप दहिसरला आला. त्याच सामन्यावर अस्मिताची राज्याच्या संघात निवड झाली आणि पुढे स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली. ती अजून चालू होती.

दीप्ती दिंडोशीतच राहिली. एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली, मुलींचा संघ बांधला. स्पर्धांना दोघींची गाठ पडायची, एकमेकींच्या डब्यातलं खाणं व्हायचं आणि मग वाद ठरलेला.

"तुझा हात लागला नव्हता, अस्मे."

"लागला होता. नखात रेषेची पांढरी फक्की होती माझ्या!"

असं एकतीस वर्षं चाललं होतं. लोक आता हसायचे. दीप्तीला बिचारीला हार पचत नाही, म्हणायचे. अस्मिताही हसायची, कारण तिला खात्रीच होती.

"मोबाइलवर येईल गं नंतर," चंद्रप्रकाश म्हणाला.

"हे लोक एकदा दाखवतात आणि परत डब्यात बंद करतात. मी रेकॉर्ड करते."

त्यांच्या फ्री डिशच्या बॉक्सला मागे पेनड्राइव्हची जागा होती. आजवर तिथे फक्त धूळ बसली होती. अस्मिताने बुधवारी बातम्या रेकॉर्ड करून पाहिल्या. चित्र अडकत होतं, निवेदिकेचं तोंड उघडं ते उघडंच. पेनड्राइव्ह मंद आहे हे तिने ओळखलं आणि गुरुवारी ऑफिसातून येताना एक छोटी हार्डडिस्क आणली. रात्रीच्या जेवणाआधी तासभर शेतीचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. भेंडीवरची मावा कीड अगदी लखलखीत दिसली.

"झकास," ती म्हणाली.

शनिवारी अडीचला ती टीव्हीसमोर बसली. टायमर लावला होता, पण वीज गेली की त्या बॉक्सचं घड्याळ उलटंपालटं व्हायचं, म्हणून रिमोट हातातच. तीनला पाच कमी असताना पडदा निळा पडला. 'सिग्नल नाही.'

वर पत्र्यावर पावलं वाजत होती. अस्मिता गॅलरीत धावली. शेजारचा खंडू पावसाळ्याआधीची ताडपत्री टाकत होता.

"खंडू! डिशला हात लावलास काय?"

"जरा सरकवली, वहिनी. आड येत होती."

"अरे, वाट लावलीस माझी!"

शिडी लावून ती स्वतः वर गेली. तापलेल्या पत्र्यावर तळवे भाजत होते. बावन्नाव्या वर्षी डावा गुडघा कुरकुरत होता, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खंडू ओशाळून नट सैल करायला बसला. अस्मिताने डिश दोन्ही हातांनी धरली आणि अगदी हळू फिरवू लागली.

"अहो, किती दाखवतंय?"

"शून्य!" खालून चंद्रप्रकाश ओरडला.

"आता?"

"चाळीस! थांब, पन्नास! गेलं... आलं, आलं! बहात्तर!"

"रेकॉर्डचं बटण दाबा! लाल! खंडू, आवळ नट."

ती खाली आली तेव्हा सामन्याची आठ मिनिटं निघून गेली होती. बॉक्सवर लाल ठिपका मात्र लुकलुकत होता. पडद्यावर फिकट रंगांत दोन वेण्या घातलेली एक काटकी पोरगी मांडीवर थाप मारून चढाईला निघाली होती. अस्मिता उभ्याउभ्याच बघत राहिली. शेवटच्या चढाईला चंद्रप्रकाशने शिट्टी मारली, खालून दोघीतिघी शेजारणी टाळ्या वाजवायला आल्या. दोन मिनिटांत सगळं संपलंही.

घर रिकामं झाल्यावर तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. दीप्तीला काय सांगायचं, ते मनात तयार होतं. शेवटच्या चढाईला तिने चित्र थांबवलं आणि ते थोडंथोडं पुढे नेऊ लागली.

कॅमेरा नेमका मध्यरेषेच्या टोकाशी होता. घोट्याला दीप्ती लोंबकळलेली. अस्मिताचा हात लांब झाला, बोटं ताणली गेली, तळवा मातीवर पडला. शिट्टी तोंडात धरलेले पंच दुसऱ्या बाजूला उभे होते, मध्ये चौघींचा ढीग. आणि बोटांच्या टोकापासून पांढऱ्या रेषेपर्यंत चांगली वीतभर माती मोकळी होती.

तिने मागे नेलं. पुन्हा पुढे आणलं. सगळ्याजणी उठून नाचू लागल्या, तेव्हा ती रेषा जशीच्या तशी होती. फक्की कुठे विस्कटलेली नव्हती. नखातली फक्की आधीच्या एखाद्या चढाईतली असणार.

अस्मिता पलंगाच्या कडेवर बसली. एकतीस वर्षांत ती एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि तरी तिचं म्हणणं खोटं होतं.

चंद्रप्रकाशनेही पाहिलं. "पुसून टाक," तो हळूच म्हणाला. "इतक्या लोकांनी पाहिलं, कोणाला कळलं? पंचांनी दिला निर्णय, तू थोडाच मागितलास?"

"मागितला नाही. पण रोज सांगत फिरले ना?" ती म्हणाली. तिने फोन उचलला.

"दीप्ती, काल टीव्हीवर... नाही, आज. आज आपली मॅच लागली होती. पाहिलीस?"

"मी पोरींना घेऊन मुलुंडला आलेय. का गं?"

"उद्या घरी ये. हे रेकॉर्डिंग याच बॉक्सवर चालतं, नाहीतर मीच आले असते."

"मला चिडवायला बोलावतेस?"

"ये तू."

रविवारी सकाळी दीप्ती आली ती भांडायच्या तयारीनेच. अस्मिताने चहासुद्धा विचारला नाही. चित्र लावलं, नेमकं थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही रेषा. हा माझा हात. नव्हता लागला, दीप्ती. तू खरं बोलत होतीस."

दीप्तीने तीनदा पाहिलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम उतरला.

"वेडी ठरवलं गं मला सगळ्यांनी," ती म्हणाली. "माझा भाऊसुद्धा म्हणायचा, सोड आता."

"मीही हसायचे. चुकलं माझं. आणि त्या एका गुणावर नोकरी लागली माझी, तेही मला माहितेय."

"नोकरी तू केलीस. ती घेऊन मी आता काय करू?" दीप्तीने डोळे पुसले. "पण हे मला एकटीला सांगून चालणार नाही."

"बोल, कुठे सांगू?"

"माझ्या पोरींना. ग्राउंडवर. त्यांनासुद्धा कोणीतरी सांगितलंय, बाईंना हार पचत नाही म्हणून."

"संध्याकाळी येते. आणि आमच्या क्लबच्या लोकांनाही सांगते, ते चिडले तर चिडू देत."

दीप्ती मान हलवून उठली, आणि दारापाशी थबकली. "सुरुवातीपासून लाव ना जरा."

"पहिली आठ मिनिटं नाहीत. खंडूने खाल्ली."

"असू दे. मी स्वतःला खेळताना कधी पाहिलंच नाही यार."

मग दोघी पलंगावर मांडी घालून बसल्या. पडद्यावरच्या दीप्तीने एकाच पकडीत दहिसरची सगळ्यात दांडगी चढाईपटू आडवी केली, तेव्हा खऱ्या दीप्तीने अस्मिताच्या मांडीवर अशी थाप मारली की चंद्रप्रकाश स्वयंपाकघरातून बाहेर आला.

"काय धरलंय बघ! काय धरलंय!"

"तू भारीच होतीस गं," अस्मिता म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटलं.

संध्याकाळी दिंडोशीच्या मैदानावर बावीस मुली गोल करून बसल्या होत्या. अस्मिताने आपलं नाव सांगितलं, त्या सामन्याची तारीख सांगितली, आणि मग सरळ सांगून टाकलं. एका मुलीने विचारलं, "मग मावशी, कप आम्हाला देणार का?"

मुली खुदकल्या. अस्मिताने दीप्तीकडे पाहिलं.

"कप क्लबचा आहे, बाळा. मी मागेन. देतील न देतील, त्यांच्यावर," ती म्हणाली. "माझ्या हातात होतं ते मी केलं."

"बरं, उठा आता," दीप्तीने शिट्टी घेतली. "अंधार पडायच्या आत दोन डाव होतील. अस्मे, त्या बाजूला पंच म्हणून उभी राहा. आणि डोळे रेषेवर ठेव."

अस्मिताने चपला काढल्या आणि मातीत उतरली.