माळावरचे पांढरे दगड

मित्रांनो, लाकडी कपाटाच्या वरच्या खणात, तांदळाच्या रिकाम्या पिशवीखाली जी काळी वस्तू पडून आहे, ती मी. मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या भिंगावर बुरशीची जाळी पसरली आहे आणि डाव्याला आता केवळ उजेड तेवढा कळतो. तरीही जे मी पाहिले ते विसरले नाही. ते तुम्हांस सांगितल्यावाचून मला शांती नाही.

माझी भिंगे कोणी घासली, हे मला ज्ञात नाही. हैदराबादच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या कुलपांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या सहवासात मी पुष्कळ काळ काढला. तेथे देवणीचे किराणा व्यापारी रेवणप्पा यांनी मला उचलले, डोळ्यांना लावले आणि समोरच्या छपरावरील पारव्याचा लाल डोळा पाहून ते लहान मुलासारखे हसले. त्या क्षणी मला धनी लाभला.

रेवणप्पा शिवभक्त गृहस्थ. स्नान, कपाळी विभूती, इष्टलिंगाची पूजा आणि मग दुकान, हा त्यांचा नित्यक्रम. रविवारी मात्र दुकान उघडण्यापूर्वी ते मला गळ्यात घालून गावाबाहेरच्या माळावर जात. शाळेतील शिक्षिका उज्वला मॅडम आणि आणखी काही हौशी मंडळी त्यांच्यासोबत असत. तो माळ वरवर पाहता उजाड भासे. परंतु तरवडाची पिवळी फुले, कुसळीच्या गवतात दबून बसणारे तित्तर, खोकडाचे बीळ, गात गात आकाशात चढणारा चंडोल, असे पुष्कळ काही तेथे नांदत होते. कोणी फूल तोडू लागला, की रेवणप्पा म्हणत, "पाहायचं. हात लावायचा न्हाई. आपण पाव्हणे हाव इथं."

मला त्यांचे ते वचन फार प्रिय होते. दुरून पाहणे हाच तर माझा धर्म.

घरी त्यांच्या पत्नी रत्नम्मा मला सवत म्हणत. "दुकानात बाजूला उभं राह्यलेलं गिऱ्हाईक दिसत न्हाई तुमाला, अन् कोसावरचं पाखरू बरं दिसतंय!"

"गिऱ्हाईक उडून जात न्हाई, रत्नम्मा."

"जालालं की! समोरच्या दुकानात जालालं!"

तेव्हा सगळे हसत. परंतु त्या थट्टेतच दुखणे लपलेले होते. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू असल्याचे सांगितले. दृष्टी कडेकडेने विझत मध्याकडे येत होती, आणि गेलेली परतणार नव्हती. त्यांचे जग माझ्या वर्तुळाएवढे उरले होते.

माळही असाच कडेकडेने आटत होता. एका अंगाने सोयाबीनसाठी नांगर शिरला, दुसऱ्या अंगाने खडीचे यंत्र धडधडू लागले. धाविक नावाचा पक्षी तेथे पूर्वी पुष्कळ असे. उंच पायांचा, विटकरी पोटाचा, चार पावले धावून एकाएकी स्तब्ध होणारा. त्यांची आता एकच जोडी उरली होती. रेवणप्पांनी त्या पक्ष्यांची धावपळ सहस्रदा पाहिली होती, पण त्यांचे पिल्लू कधी पाहिले नव्हते. "एकदा ते लेकरू पळताना दिसावं," ते उज्वला मॅडमना म्हणाले, "मग डोळे जाऊ देत. माझी तक्रार न्हाई."

त्या चैत्रात जोडीने अंडी घातली. धाविक घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी ठेवतो. ती इतकी हुबेहूब दगडासारखी, की मीसुद्धा त्यांना प्रथम दगडच समजले. रेवणप्पांनी मला लगेच उज्वला मॅडमच्या हाती दिले, त्यांनाही दिसावे म्हणून.

हर्षासोबत चिंताही आली. अमावास्येला पलीकडच्या मारुतीला जाणारे लोक माळ आडवा कापून जात. मोटारसायकली, बैलगाड्या, गुरे यांपैकी कशाच्या तरी खाली अंडी चिरडणार, हे उघड होते. उज्वला मॅडम म्हणाल्या, "अप्पा, शाळेत कबड्डीला फक्की मारतो तशी खूण केली तर?" त्यावर रेवणप्पांनी दुकानातून चुना आणला. अंड्यांभोवती अंतर राखून त्यांनी मोठे दगड गोलाकार मांडले आणि ते पांढरेशुभ्र रंगवले. दुरून दिसावे व वाट वळावी, एवढाच हेतू. पक्षीण थोडा वेळ बावरली, मग परतून अंड्यांवर बसली. सर्वांना धन्यता वाटली.

त्यानंतर रेवणप्पा प्रतिदिनी येऊ लागले. खड्यांवर वहाणा वाजू नयेत म्हणून ते त्या दूरच काढून ठेवत, बोरीच्या झुडपाजवळ मांडी घालत आणि मला डोळ्यांना लावून निश्चल बसत. कपाळी विभूती, पाय अनवाणी, मुख त्या शुभ्र दगडांकडे.

मित्रांनो, हे दृश्य वाटेवरून कसे दिसत असेल, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही. वाटेने गुरे नेणाऱ्यांना माझे काळे नळकांडे दिसत नव्हते. त्यांना दिसत होता तो डोळे न हलवता बसलेला गावचा एक भाविक पुरुष आणि त्याच्यापुढे चुन्याने माखलेले दगड.

अमावास्येच्या सकाळी आम्ही पोहोचलो, तेव्हा माझ्या वर्तुळात प्रथम लाल रंग आला. मग नारळाच्या शेंड्या, हळद, उदबत्तीचा धूर. दहीभाताच्या पानावर दोन कुत्री भांडत होती. धाविक जोडी लांब उभी होती. चार पावले धावे, थांबे, पुन्हा मागे फिरे.

रेवणप्पा धावले. कडेचे दिसत नसल्याने ते एका दगडाला अडखळून पडले, आणि मी त्यांच्या छातीखाली आपटले. माझे डावे भिंग तेव्हाच निखळले.

रिंगणात कुत्र्यांनी फोडलेल्या अंड्याचे एक कवच उरले होते. त्यावर कुंकवाचे बोट होते.

वाटेने रोज गुरे नेणारी साखराबाई तिथेच उभी होती, पदर खोचून कुत्री हाकलत. तिच्या देवणी गाईची दोरी तिच्या हातात होती. "या अप्पा, या! लागलं तर न्हाई न्हवं? इतका जागृत देव हाय, अन् आमाला सांगितलं बी न्हाई! दोन गोल दगडं हुती मधी, दुधानं न्हाऊ घातलं. सुनेची वटी भरू दे म्हनलं. सात वरसं झाली, अप्पा, लई औषधं केली. मेली कुत्री! नैवद्य बाटविला. आता पोचंल का वो?"

उज्वला मॅडमच्या डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही होते. "सांगा ना अप्पा ह्यांना, काय होतं ते!"

रेवणप्पा दगडाला धरून उठले. मग म्हणाले, "चुना मी लावला, मॅडम. ह्या माउलीला काय सांगू?" आणि साखराबाईकडे वळून त्यांनी हात जोडले. "पोचला, बाई. नैवद्य पोचला."

जोडी काही दिवस भोवताली फिरली आणि नाहीशी झाली. त्या माळावर पुन्हा धाविक दिसला नाही. दगड मात्र राहिले. त्यांच्यावर सिमेंटचा ओटा झाला, पत्र्याची सावली आली, निशाण लागले. साखराबाईची सून अद्याप तशीच आहे आणि साखराबाई अद्याप दर अमावास्येला जाते.

माझे भिंग उदगीरच्या घड्याळजीने बसविले खरे, पण सांध्यातून दमट हवा शिरली आणि बुरशी धरली. तोवर रेवणप्पांचे वर्तुळही मिटले होते. मी कपाटात गेले.

मित्रांनो, मला पुसून कोणी तेलपाणी करावे, अशी माझी याचना नाही. जुनी काच फुटते, तिचे काय एवढे! मागणे एवढेच, की रानात जाल तेव्हा आपली माया आपल्यापाशी आवरून धरा. जेथे काही नाजूक असेल तेथे खूण ठेवू नका. आपले पाऊल आणि आपला मुक्कामही कोणाला वाट दाखवीत असतो. दुरून पाहा, आणि उठून या.

गेल्या चैत्रात रत्नम्मांनी मला खाली काढले. गच्चीवर रेवणप्पा माळाकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मला चाचपले, काठावरून बोट फिरविले आणि पत्नीच्या हाती दिले. "तू बघ. काय दिसतंय?"

ज्या बाईने मला जन्मभर सवत म्हटले, तिने मला प्रथमच डोळ्यांना लावले. माझ्यात तिला काय दिसणार? धुक्यासारखा पांढरा उजेड, बस्स.

"अवो," ती म्हणाली, "हायत की. दोघं बी हायत. पळलालेत... थांबले... आता परत पळलालेत."

"अन् लेकरू?"

रत्नम्मांच्या पापण्या माझ्या काचेला ओल्या लागल्या.

"मागं हाय," त्या म्हणाल्या. "लई बारीक हाय. पर हाय."