गजाच्या मधोमध

बाईंचा व्हायोलिनचा वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरायचा. खाली दिवसभर इस्त्र्या चालू असल्यामुळे वरची फरशी कोमट असायची, आणि थंडीच्या दिवसांत पोरं मुद्दाम मोजे काढून उभी राहायची. वाफेचा आणि गजाला लावायच्या राळेचा असा एक मिश्र वास त्या खोलीला होता. तो स्वेटरना लागायचा, आणि त्यावरून आया ओळखायच्या की आज स्वारी खरंच वर्गाला गेली होती.

बाईंनी आयुष्यभर लहान मुलांनाच शिकवलं. मोठी माणसं आधी कारणं सांगतात आणि मग वाजवतात, असं त्यांचं म्हणणं. पोरं नुसती बघतात. म्हणून बाईही बोलायच्या कमी. मुलासमोर उभं राहायचं, व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं आणि म्हणायचं, "माझ्याकडे बघ." कोपर कुठे ठेवायचं, श्वास कधी घ्यायचा, सगळं त्या एका वाक्यात आलं. एकदा त्यांच्या पायाला ठेच लागली होती, तर आठवड्याभरात एक पोरगा लंगडत खोलीत यायला लागला. बाई त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

गज भरभर ओढला की हात ठणठणीत. पण तोच गज सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायला घेतला, की मधोमध आल्यावर मनगटातलं काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं आणि सूर कुडकुडायचा. बाईंनी ते आधी थकव्यावर ढकललं, मग वयावर, मग गजावर. गजाचे केस नवे बसवून आणले. थरथर जागची हलली नाही.

डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण हा पाहुणा आता जायचा नाही. गोळीने थोडा गप्प बसेल इतकंच. बाईंनी विचारलं, शिकवता येईल का? काय शिकवता, असं डॉक्टरांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून ते खाली मान घालून गोळ्यांची नावं लिहीत राहिले.

घरी त्या काही बोलल्या नाहीत. घरी म्हणजे नवरा एकटाच, चष्म्याचं दुकान चालवणारा. एक दिवस चहा ओतता ओतता तो म्हणाला, "अगं, मी कधीपासून तुझा कप अर्धाच भरतोय. तुला वाटलं असेल, हा माणूस कंजूष झाला." तो हसला, बाईंना हसू आलं नाही. याला दिसलं, तर पोरांना?

त्या दिवसापासून त्यांनी वर्गातल्या संथ धुना बंद केल्या. सगळं भरभर, उड्या मारणारं. पालक खूश. आमचा मुलगा काय झपाट्याने पुढे गेला, म्हणून एका वडिलांनी तर जिन्यातच हात जोडले. बाईंनी तो उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि कसंनुसं हसल्या.

वर्गात सगळ्यांत बारकी होती चिमणी. तिची आई शहरबस चालवायची. ड्यूटीच्या वेळा अशा, की चिमणी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. मधल्या वेळात ती खिडकीत बसून एकेकाच्या गजाला राळ घासायची आणि बाईंना शाळेतल्या भानगडी सांगायची. बाई खोकल्या की तीही तसाच घसा खाकरायची. बाईंना मूल नव्हतं, आणि त्याचं दुःख त्यांनी कधीच उचलून माळ्यावर टाकलं होतं. पण या पोरीच्या आईची बस उशिरा आली की आपल्याला बरं वाटतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलेलं होतं.

वार्षिक कार्यक्रम जवळ आला. त्यात एक तरी संथ धून हवीच, असं सभागृहवाल्यांचं म्हणणं पडलं. बाईंनी पाच-सहा मुलांना ओळीत उभं केलं आणि एक लांब गज ओढायला सांगितला. स्वतः वाजवलं नाही. सुरुवात चिमणीने केली. सूर स्वच्छ निघाला, पुढे आला, आणि गजाच्या बरोब्बर मधोमध कुडकुडला. पुढे पुन्हा स्वच्छ झाला.

"चिमणे, हात का हलवतेस?"

"मधे हलवायचा ना, बाई," ती म्हणाली. "तुम्ही हलवता तसा."

तिच्या शेजारचा पोरगा लगेच म्हणाला की त्यालाही येतं, आणि त्याने करून दाखवलं. मग पुढच्या मुलीने. जुन्या, मोठ्या मुलांचे गज सरळ गेले. पण अलीकडे आलेल्या प्रत्येकाचा सूर त्याच जागी थरथरला, आणि थरथरल्यावर प्रत्येकाने शाबासकीसाठी बाईंकडे पाहिलं. आज बरं वाटत नाही, एवढंच म्हणून त्यांनी वर्ग सोडला, आणि चिमणीच्या आईची बस येईपर्यंत खिडकीत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्यांनी जे जे करता येईल ते केलं. मुलांसमोर व्हायोलिन उचलायचंच बंद केलं. तोंडाने समजावून पाहिलं, पण आयुष्यात कधी समजावलं नव्हतं. शब्द सापडेनात आणि पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. गोळ्या त्यांनी आपल्याच मनाने दुप्पट केल्या. हात जरा स्थिर झाला, पण एका संध्याकाळी जिना डोळ्यांसमोर गरकन फिरला. लाँड्रीवाल्याने धरलं म्हणून निभावलं. मग मनगटाला पट्टी घट्ट आवळून पाहिली. बोटं निळी पडली, थरथर कोपराकडे सरकली. रोज सकाळी त्या न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर एक लांब गज ओढायच्या, आणि रोज तेच. नवरा दाराबाहेरून म्हणायचा, "पुरे कर आता." त्या पुन्हा सुरुवातीपासून ओढायच्या.

आणि एक दिवस भलतंच झालं. इतर मुलं गेली होती, चिमणी एकटी उभी राहून वाजवत होती. मधोमध आली, थरथरली. बाई म्हणाल्या, "पुन्हा." ती पुन्हा थरथरली. बाईंनी तिचं मनगट धरलं. सरळ ने, सरळ, सरळ, असं म्हणत त्यांनी तिचा हात ओढत नेला, आणि किती जोराने धरलाय याचं भानच त्यांना राहिलं नाही. चिमणी हूं की चूं न करता ओढली गेली. सूर सरळ निघाला. बाईंना एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी चिमणीची आई आली. ड्यूटीच्या कपड्यांतच होती, किल्ल्या हातात. खुर्चीवर बसली नाही.

"बाई, मला भांडायचं नाही," ती म्हणाली. "अंघोळ घालताना हात दिसला मला. विचारलं, तर म्हणते दारात अडकला. दारात अडकल्यावर बोटं उमटत नाहीत."

बाई म्हणाल्या, "चुकलं माझं." का चुकलं ते सांगायचं, तर हाताचं सगळंच सांगावं लागलं असतं.

"ती माझ्याशी कधी खोटं बोलत नाही," आई म्हणाली. "तुमच्यासाठी बोलली. त्या वळापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते."

तरीही तिने चिमणीला वर्गातून काढलं नाही. काढून ठेवणार कुणाकडे, असं ती जाता जाता स्वतःशीच पुटपुटली. बाईंना वाटलं, हिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर सोपं झालं असतं.

त्याच दुपारी त्या लंबूकडे गेल्या. लंबू त्यांचा जुना विद्यार्थी, वर्गात सगळ्यांपेक्षा हातभर उंच म्हणून हे नाव. आता तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा आणि सुट्टीच्या दिवशी कुठे कुठे वाजवायचा. बाईंनी त्याला बाहेर बोलावलं. लाकडाच्या भुशाने त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. बाईंनी काही न सांगता उजवा हात त्याच्यासमोर धरला, बंद छत्री धरायला लावली, आणि छत्रीचं टोक कसं हलतंय ते दाखवलं. डॉक्टर सोडले तर हे त्यांनी कुणाला पहिल्यांदाच दाखवलं.

लंबूने तोंडावरचा भुसा पुसला. त्याला वेळ नव्हता, त्याचा बारका अजून रात्र-रात्र जागवत होता, असं सगळं त्याने सांगितलं. बाई ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांचे हात बिघडवतेय रे. त्यांना बघायला कुणीतरी सरळ हाताचं हवं. मी पाया पडते तुझ्या."

"असं बोलू नका, बाई," लंबू घाईघाईने म्हणाला. "येतो मी."

आणि तो आला. दर सुट्टीच्या दिवशी मुलांसमोर उभा राहायचा, लांब गज ओढायचा, आणि बाई मागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायच्या, हात मांडीखाली दाबून. पोरांना लंबूदादा आवडला. त्याचे पाय लांब, त्याचे विनोद फालतू. काही आठवड्यांत बहुतेकांचे गज सरळ झाले. मुलं जितक्या सहज थरथर शिकली होती, तितक्याच सहज विसरली. बाईंना हायसं वाटलं, आणि कुठेतरी लागलंही.

एकटी चिमणी काही बदलेना. लंबूने तिला समोर उभं केलं, शेजारी उभं केलं, आपल्या बुटांवर उभं केलं. ती त्याच्याकडे बघायचीच नाही. मान वळवून कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघायची आणि मधोमध तेवढीच थरथरायची, उलट पूर्वीपेक्षा निगुतीने. शेवटी लंबूने हात टेकले. त्याने विचारलं, सरळ का नेत नाहीस गं? ती म्हणाली, "सरळ नेलं की बाईंसारखं वाटत नाही."

तेव्हा बाईंनी ठरवलं. सगळे गेल्यावर त्यांनी चिमणीला आपल्यासमोर खुर्चीवर बसवलं. खाली इस्त्रीची वाफ सुस्कारे सोडत होती. बाईंनी पेल्यात पाणी घेतलं, पेला उचलला आणि तिच्यासमोर धरला. पाणी काठावरून त्यांच्या बाहीत गेलं.

"बघितलंस? हे मी करत नाही. आपोआप होतं. हा आजार आहे, चिमणे."

चिमणी पेल्याकडे बघत राहिली. "म्हणजे वाजवताना पण?"

"वाजवताना पण. मला तसं वाजवायचं नसतं. मला सरळच वाजवायचं असतं."

"दुखतं?"

"नाही."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी पेला खाली ठेवला. चिमणीने आपला उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ न्याहाळला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मग माझा हात पण आजारी झाला?" तिने विचारलं. बाई घाईने म्हणाल्या की नाही, तसं नसतं, हा आजार असा एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तोच हात, तो हलत होता. चिमणी खुर्चीवरून उतरली आणि एक पाऊल मागे सरकली. आईची बस येईपर्यंत ती खिडकीत न बसता दाराशी उभी राहिली.

पुढच्या वेळी तिने लंबूसमोर गज ओढला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. अगदी सरळ. लंबूने शिट्टी मारली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बाई पुढे झुकल्या, कारण तो सूर खरोखर सुंदर होता. इतक्या वर्षांत एवढ्याशा हातातून असा सूर त्यांनी फार क्वचित ऐकला होता. त्यांनी वाट पाहिली. चिमणीने मान वळवली नाही.

त्यानंतर ती वेळेवर यायला लागली, इतर मुलांबरोबर. आईने शेजारणीकडे सोय केली होती म्हणे. चिमणी घरी सारखी विचारते, हे कुणाला लागतं का, असं आईने बाईंना फोनवर जरा ओशाळून सांगितलं. मी समजावलं तिला, लहान आहे, विसरेल, असंही म्हणाली. बाई हो म्हणाल्या. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी सांगितलं, "पोरीचा हात सुटला." तो म्हणाला, मग चांगलंच झालं की. त्या मान खाली घालून जेवत राहिल्या, आणि नवऱ्याला उशिरा कळलं की त्या रडतायत.

कार्यक्रमात चिमणीने संथ धून वाजवली. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. सभागृहात खोकणारी माणसं गप्प झाली. लंबू पडद्याआड उभा राहून ओठ चावत होता. टाळ्या पडल्या तेव्हा बाईंना टाळ्या वाजवता आल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात एकमेकांत गुंतवून घट्ट धरले होते.

सगळे निघाले तेव्हा त्या बाहेरच्या पायऱ्यांशी थांबल्या. चिमणी आईचं बोट सोडून त्यांच्याकडे आली. आजार लागत नाही म्हणे, पण हात लावायलाही नको, अशा अंतरावर ती थांबली.

"बाई, आता कसा आहे हात?"

"आहे तसाच," बाई म्हणाल्या. "छान वाजवलंस."

चिमणीने मान हलवली. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तशीच, पाठीमागे हात बांधून, पायऱ्या उतरून गेली.