आईची घंटा

अतिदक्षता विभागात नर्स म्हणून मला अकरा वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक खाटेशी एक मशीन, आणि प्रत्येक मशीनला तोंड. पेशंट कुशीवर वळला तरी बोंबलतं, बोटाची क्लिप निसटली तरी बोंबलतं. दिवसातून शेकडो वेळा. मग करायचं काय, तर पेशंटवर एक नजर टाकायची आणि बटण दाबायचं, की ते दोन मिनिटं गप्प. नवीन मुली पहिला महिना धावत सुटतात. पुढे हातच बघतो सगळं.

मागच्या आठवड्यात आम्हाला ताण कसा हाताळायचा हे शिकवायला एक बाई आल्या. तेही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे जेवणावर पाणी! डोळे मिटा, खोल श्वास घ्या, झालं. मग मला विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त ताण कधी जाणवतो?" मी म्हटलं, "मला काही जाणवतच नाही." बाई इतक्या खूश, की माझ्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

आई माझ्याकडे राहते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. दादाला तिला आपल्या घरी न्यायचंय, तिला जायचं नाही. "तिथे मी पाहुणी," म्हणते. शेवटी त्यानेच एक बिनतारी घंटा आणून दिली. बटण आईच्या गळ्यात, घंटा माझ्या स्वयंपाकघरात. "यानंतर एकदा जरी काही झालं, तर मी हिला घेऊन जाणार," असं मला बजावून गेला.

मंगळवारी दुपारी ड्यूटीवरून येऊन मी भाजी चिरत होते. घंटा वाजली. मी हात लांब केला, घंटेवरचं बंद करायचं बटण दाबलं आणि पुन्हा चिरायला लागले. परत वाजली, परत दाबलं. असं चार वेळा. हे मला नंतर आठवलं. तेव्हा डोक्यात काय होतं म्हणाल, तर काही म्हणजे काही नाही. भाजी मात्र छान बारीक चिरली होती.

ताट घेऊन तिच्या खोलीत गेले, तर आई बाथरूमच्या फरशीवर पडलेली. मनगट मोडलेलं. "ऐकू नाही का गं आलं?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी दादा आला तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर होतं. मी बोलायच्या आत आईच म्हणाली, "अरे, मी घंटा वाजवलीच नाही. म्हटलं, उठेन माझी मी. माझाच शहाणपणा नडला." आणि माझ्याकडे डोळे वटारले.

दादा विरघळला. "बरं, या वेळी सोडतो," म्हणाला. एवढ्यावर मिटलं असतं. पण उद्या परत घंटा वाजली तर माझा हात काय करणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"वाजवली होती तिने," मी म्हटलं. "चार वेळा. मीच बंद केली."

दादाने खिशातून गाडीची किल्ली काढली. आई माझ्यावर भडकली. "काय गरज होती तोंड उघडायची? राहिले असते ना मी इथे!" आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

मी कपाट उघडून तिचे कपडे बॅगेत भरायला घेतले. मला वाईट वाटायला हवं होतं. आता वाटेल, मग वाटेल, म्हणून मी एकेक कपडा सावकाश घडी करत राहिले. बॅग भरून झाली.