केबिनखालचं बिऱ्हाड

भार्गव शेट्यांनी बोटीच्या केबिनमधलं जुनं कार्पेट मधोमध टराटरा फाडून उचललं, तेव्हा खाली कानविंदे राहत होते.

बोट जयगडच्या खाडीत जेट्टीला बांधलेली होती. तिच्याखाली तीन पुरुष खोल पाणी. तरीही खाली एक नीटनेटका दिवाणखाना होता, त्यात जेवणाचं टेबल, आणि टेबलाशी कुमुदताई कानविंदे गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"आधी ते खाली टाका. उजेड येतोय."

"तुम्ही इथे कधीपासून?" शेट्यांनी विचारलं.

"तुम्ही कार्पेट घातलंत तेव्हापासून. वर कार्पेट आहे, आवाज यायचा नाही, हे बघूनच जागा घेतली आम्ही. सोळा वर्षं झाली."

शेट्यांना राग आला तो सोळा वर्षांचा नव्हता, त्या दिवसाचा होता. दुपारचा दीड वाजला होता. चार वाजता बोट तपासायला साहेब येणार होते. मागच्या खेपेला त्यांनी कार्पेटवर बुटाचं टोक दाबलं होतं, आणि त्यातून पाणी, वाळू आणि कांदाभज्याचं तेल एकदम वर आलं होतं. धुता येईल असं फ्लोअरिंग नसेल तर प्रवासी नेण्याचा परवाना नाही, असं ते म्हणाले होते. परवाना नाही म्हणजे हंगाम नाही. आणि हंगाम नाही म्हणजे रत्नागिरीला मेहुण्याच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरमागे उभं राहणं. मेहुणा गिऱ्हाइकांसमोर त्यांना "कॅप्टन" म्हणत असे.

नवं फ्लोअरिंग बसवायला आलेल्या लवू मेस्त्रींनी मात्र हातोडी पिशवीत ठेवली होती.

"खाली बिऱ्हाड असलं तर मी हात लावत नाही, मालक. हरकत नसल्याचं पत्र पाहिजे. मुंबईला असताना एका सोसायटीने माझा कटर तीन महिने अडकवून ठेवला होता."

"अहो मेस्त्री, ही बोट आहे!"

"तेच म्हणतो. बिल्डिंगला निदान जिना तरी असतो."

शेट्ये पोटावर आडवे झाले आणि त्यांनी भोकातून डोकं खाली घातलं. पत्राचं काढताच कुमुदताईंनी आधी इतर विषय संपवले. हे चार वाजेपर्यंत झोपतात, तोवर ठोकाठोकी नको. खुर्च्यांच्या पायांना रबर लावा. आणि डॉल्फिन दिसला की तुमची माणसं एकदम एका बाजूला धावतात, आमच्या पंख्याचा हूक ढिला झालाय.

"डॉल्फिन काही मी पाठवत नाही," शेट्ये म्हणाले.

"माणसांना तर तुम्हीच आणता ना? मग सांगा त्यांना, सावकाश बघा म्हणावं. आणि असं वटवाघळासारखं लोंबकळत काय बोलताय? पत्र हवंय ना, मग खाली या. चपला वरच काढा."

शेट्ये टेबलावर उतरले. वरून लवू मेस्त्री म्हणाले, "तुमचं होईपर्यंत मी कडेकडेच्या पट्ट्या चिकटवून घेतो. कडेला त्यांचं छत लागत नाही. आणि ठोकायचं तर नाहीच."

कुमुदताईंनी कागद शोधला. मग चष्मा शोधला. वर भोक दरवाज्याएवढं होतं, ते खिडकीएवढं झालं. मजकूर लिहून झाल्यावर त्यांना आठवलं, की जागा यांच्या नावावर आहे.

"मग उठवा त्यांना."

"झोपेतून उठवायचं? सही वाकडी येते त्यांची."

शेट्ये बसून राहिले. त्यांनी अर्धी गवार मोडली. भोक चहाच्या ट्रेएवढं झालं. बरोबर चार वाजता कानविंदे बंडीवर बाहेर आले. हातात वळकटी होती.

"कार्पेट गेलं ना? झालं तर मग. दाभोळच्या एका बोटीखाली जागा बघून ठेवलीय मी. डबल कार्पेट आहे. चल गं."

"अहो, सही!" शेट्ये ओरडले.

"आम्ही आता इथले कुठे? जो राहतो त्याने करायची," कानविंदे म्हणाले. दोघं स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडले, आणि सोळा वर्षांच्या सवयीने त्यांनी बाहेरून कडी घातली. शेट्यांनी दार दोनदा ओढून पाहिलं.

वर बूट वाजले.

"खाली कोण राहतं?" साहेबांचा आवाज.

"सध्या शेट्ये," लवू मेस्त्री म्हणाले.

"मालकही तेच ना? मग घ्या त्यांची सही, चिकटवा ती पट्टी आणि विषय मिटवा. मला अजून दोन बोटी बघायच्यात."

शेट्ये टेबलावर चढले. भोक आता एका पट्टीएवढं होतं. त्यातून हात गेला असता, खांदा गेला नसता. चार पट्ट्या उखडायला सांगितल्या असत्या तर ते सहज वर आले असते, उखडलेल्या केबिनमध्ये, साहेबांच्या समोर. त्यांना काउंटर दिसलं. त्यांनी पत्र वाचलं. 'वरील मजल्यावरील कामास माझी हरकत नाही.' त्यांनी कागद भिंतीवर धरून सही केली. सही सरळ आली. कागद फटीतून वर गेला, आणि शिक्का मारल्याचा आवाज झाला.

"अभिनंदन हो शेट्ये! पास!" साहेब म्हणाले. "आता एक फेरी मारून बघू."

मग फटीत लवू मेस्त्रींचा एक डोळा आला.

"मालक, शेवटची पट्टी जरा लोंबतेय. सोल्यूशन धरेपर्यंत खालून दाबून ठेवा. दहा मिनिटं. सोडू नका हां, नाहीतर सगळंच सुटेल."

पट्टी बसली. शेट्यांनी दोन्ही तळवे वर करून ती दाबून धरली. इंजिन सुरू झालं. कोणीतरी जेट्टीचा दोर सोडला, आणि छत हळूहळू समुद्राच्या दिशेने सरकू लागलं. सोल्यूशन अजून ओलं होतं. शेट्ये हात न सोडता त्याच्याबरोबर टेबलावरून चालू लागले. टेबल सहा माणसांचं होतं.