बदामाचा वास

राइलीने स्टुलावर चढून चौथ्यांदा फुलांच्या घोसात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि सावकाश श्वास ओढला. काही नाही. बंद खिडकीच्या काचेला नाक लावल्यासारखं वाटलं.

भिंतीवर ऊन येऊन तास झाला होता. हा क्लेमॅटिसचा वेल उन्हात तापला की कडू बदामाचा वास सोडतो आणि तो थेट फाटकापर्यंत जातो, हे राइलीइतकं आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पहिला वेल बावीस वर्षं याच भिंतीवर होता. मग एका जानेवारीत बर्फ पडलाच नाही. बर्फाच्या पांघरुणाविना उघड्या पडलेल्या जमिनीत उणे पंचवीसची थंडी शिरली आणि मुळं मेली. तिने रोपवाटिकेतून टपालाने पुन्हा तोच वेल मागवला. रोपाला बांधलेल्या पट्टीवर नाव तेच होतं. वीतभर खोल लावला, मुळांना सावली हवी म्हणून सपाट दगड मांडले, दर ऑक्टोबरात त्याच्यावर स्प्रूसच्या झाडाच्या दाट फांद्या पांघरल्या. तीन हिवाळ्यांनंतर यंदा तो छपराला पोचला आणि पहिल्यांदाच फुलला. पांढरी, कडेला गुलाबी झाक असलेली शेकडो फुलं, अगदी पूर्वीसारखी. फक्त राइलीला वास येत नव्हता. गेले दोन आठवडे येत नव्हता.

एन्सिओचं, तिच्या थोरल्या भावाचं, असंच सुरू झालं होतं. सौनाच्या वाफेत अंगावर मारायच्या बर्चच्या ओल्या डहाळ्यांच्या जुडीचा वास येईना, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "नाक म्हातारं झालं, बाकी मी आहे तस्साच." सहा वर्षांनी त्याचा उजवा हात थरथरायला लागला, तो कंपवात निघाला. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, वास यायचा कधी बंद झाला? पुढे सात वर्षं त्याच्या बायकोने, मार्ताने, त्याच्या शर्टाची बटणं लावली, त्याला घास भरवले. शेवटी शेवटी त्याचा चेहराही हलायचा नाही, नुसते डोळे फिरायचे. गेल्या वसंतात तो गेला.

एन्सिओला मार्ता तरी होती. राइलीला कुणीच नव्हतं. आपली बटणं कोण लावणार, एवढा एकच प्रश्न दोन आठवडे तिची पाठ सोडत नव्हता.

सकाळी तिने कॉफीच्या डब्यात नाक घालून पाहिलं. वास आला. की नुसता आठवला? शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला कॉफीचा वास नाकाशिवायही येतो. दूध तळाला लागायच्या आत तिला मागच्या खोलीतून कळायचं. हाताखालच्या बायका म्हणायच्या, राइलीच्या नाकाला वेगळा पगार द्या. व्हिनेगरच्या बाटलीकडे मात्र ती गेली नाही. परीक्षेला बसलंच नाही तर नापास होत नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

त्यात आज गावातल्या बागा पाहुण्यांसाठी उघड्या ठेवायचा रविवार. पत्रकात तिच्या बागेपुढे छापलं होतं, ‘बदामाच्या वासाची क्लेमॅटिस’. तो मजकूर जूनमध्ये, फुलं यायच्या आधीच, तिनेच लिहून दिला होता.

दहाला फाटक उघडलं. उंच, निळ्या टोपीची एक बाई सरळ वेलाकडे आली.

"हाच का तो बदामवाला?"

"हाच," राइली म्हणाली.

बाईने डोळे मिटून हुंगलं. "अहाहा. अगदी बदाम."

तिच्या नवऱ्यानेही वाकून पाहिलं. "माझी आजी नाताळाला केक करायची, तसाच वास."

साडेअकरापर्यंत चौदा जणांनी फुलांत नाक घातलं आणि चौदाही जणांना बदाम सापडला. प्रत्येक ‘अहाहा’ला राइली हसून मान हलवत होती आणि आतून थंड पडत होती. चौदा नाकं खरी आणि आपलं एकटीचं खोटं. ती मधूनच कॉफीचा कप हातात धरायची आणि कॉफी हलतेय का ते बघायची.

पाहुण्यांसाठी केलेले बन संपत आले, म्हणून तिने दालचिनी-वेलदोड्याच्या बनचा दुसरा घाणा ओव्हनमध्ये ठेवला. बाहेर आली तर मार्ता सायकल भिंतीला टेकवत होती. साऱ्या जगात एक हीच बाई अशी होती, जिच्यापासून काही लपणं कठीण.

"तोंड का उतरलंय तुझं?" मार्ताने विचारलं.

"झोप झाली नाही. हे पाहुणे, हे सगळं."

"मग कशाला बोलवायचे? माझ्या बटाट्यांना बघायला कुणी येत नाही, मी मजेत आहे." मार्ताला फुलांचं कौतुक कधीच नव्हतं. तरी ती वेलापाशी गेली, दुधाचं पातेलं हुंगावं तसं तिने दोनदा हुंगलं आणि ती वळली. "याला कसला वास म्हणतेस?"

"बदामाचा."

"डोंबलाचा बदाम. याला काही वास नाही, राइली."

"सगळे तर म्हणाले—"

"सगळे तुझे बन खायला आलेत. तू बदाम छापलंस, ते बदाम म्हणाले. कांदा छापला असतास तर डोळे पुसत गेले असते."

"नक्की? पुन्हा बघ ना."

"अगं, सात वर्षं मी नाकावर घर चालवलंय. त्याला नासलेलं दूध कळायचं नाही, घराच्या फळ्यांखाली मेलेला उंदीर कळायचा नाही. मला चुकायची सोय नव्हती. रोपवाटिकेने तुला भलताच वेल पाठवलाय."

राइली पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मेल्याला तीन वर्षं पांघरूण घातलं मी," ती म्हणाली. मग आता काय भ्यायचं, म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. दोन आठवडे कसे काढले, कप कसा धरून बघितला, एन्सिओचे डोळे कसे रोज आठवले. "मला वाटलं, आता माझी पाळी."

मार्ता हसली नाही. ती राइलीच्या डोक्यावरच्या उघड्या खिडकीकडे बघत होती. स्वयंपाकघराची खिडकी.

"राइली," ती हळू म्हणाली, "ओव्हनमध्ये काय आहे?"

मार्ता आधी धावली, मागून राइली. बनचे कोळसे झाले होते. छताखाली निळसर धूर तरंगत होता. दारात उभं राहून राइलीने खोल श्वास घेतला. घसा खवखवला, डोळे चुरचुरले. वास आला नाही. तिने पुन्हा घेतला, आणखी खोल, आणि मग तिला ठसका लागला.

मार्ताने ओव्हन बंद केला, खिडकी सताड उघडली.

"मार्ता, मला फार भीती वाटतेय गं."

"माहीत आहे." मार्ता सुरीने एका बनचा काळा भाग खरवडत होती. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते." मग ती म्हणाली, "सायकलवर नाही, बसने जाऊ. परत येताना मला बोलायचं असेल तुझ्याशी." ती राइलीच्या मागे आली आणि तिच्या एप्रनची सैल झालेली गाठ तिने सोडून नीट बांधली.

बाहेर पाहुण्यांची नवी खेप आली होती. काठी टेकत आलेले एक म्हातारे गृहस्थ फुलांवर वाकून म्हणत होते, "वा. बदाम."

राइली पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेली. "याला वास नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे चुकीचं रोप आलंय. आणि असता, तरी मला कळला नसता. मला वास येत नाही."

गृहस्थ गोरेमोरे झाले. काठी सावरत त्यांनी विचारलं, "मग काढून टाकणार का?"

"नाही. ऑक्टोबरात पांघरूण घालायचंय त्याला."

कुणाच्या तरी पायाने मुळांवरचा सपाट दगड सरकला होता. राइली खाली बसली आणि दोन्ही हातांनी तो पुन्हा जागेवर ठेवला. हात थरथरतात का, ते तिने पाहिलं नाही.