चार्जर काढू नये

रुपचंदनं शेवटचा स्क्रू काढून काचेच्या बशीत टाकला आणि लॅपटॉपचं पोट उघडलं. समोर स्टुलावर बसलेल्या सारिकानं घड्याळ पाहिलं, पदर सावरला आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा घड्याळ पाहिलं.

"ताई, घड्याळाकडे बघून बॅटरी भरत नाही," रुपचंद मान वर न करता म्हणाला.

"तुम्हाला काय, तुमची नोकरी नाही जात."

जळगावच्या गोलाणी मार्केटातलं त्याचं दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढा गाळा. बाहेर गर्दी, आत सोल्डरिंगचा वास. सारिका सकाळच्या पहिल्या बसनं यावलकडून आली होती. मंगळवार तिच्या सुट्टीचा, आणि उद्याचा बुधवार तिच्या नोकरीतल्या तीन महिन्यांच्या परीक्षाकाळाचा शेवटचा दिवस. पुण्याच्या एका कंपनीत लोकांशी फोनवर बोलून त्यांचे विम्याचे फॉर्म तपासून द्यायचं काम ती घरून करायची, सकाळी नऊ ते एक. या महिन्यात लॅपटॉप बंद पडून ती तीनदा कामाच्या मधेच गायब झाली होती. तिसऱ्यांदा हेमलता मॅडम स्पष्टच बोलल्या होत्या, "सारिका, चौथ्यांदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी गावातली विजेची डीपी जळाली. नवी येईपर्यंत गल्ल्यांना पाळी लागली, आणि यांच्या गल्लीत वीज दुपारी तीन ते रात्री आठ. त्याच दणक्यात स्वयंपाकघरातला बोर्ड काळा पडला, एक्स्टेन्शन बोर्ड वितळला. नवा आणायचं भूपेंद्रला सांगून ठेवलं होतं. पण तिचा हा नवरा चाळीसगावला गोदामावर कामाला, शनिवारी घरी येई आणि दर शनिवारी बोर्ड विसरून येई. घरात चालू प्लग राहिला एकच, मधल्या खोलीतला. सारिका तीनला लॅपटॉप तिथं लावी, आठपर्यंत भरून घेई आणि सकाळी बघावं तर निम्मा रिकामा.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? स्क्रीनचा उजेड कमी केला, मागे चालणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले, की-बोर्डाचा दिवा घालवला, रात्री झोपताना लॅपटॉप पार बंद करून ठेवला. तरी पहिले पाढे पंचावन्न.

"बॅटरी ठणठणीत आहे," रुपचंदनं झाकण परत बसवलं आणि स्क्रीनवर एक लांबलचक रिपोर्ट काढला. "हे बघा. काल रात्री आठला नव्व्याण्णव. आज इथं मी चालू केला तेव्हा एकावन्न. मधे लॅपटॉप कुणी चालू केलेला नाही."

"मग गेली कुठं? भुतानं खाल्ली?"

रुपचंद हसला. त्यानं लॅपटॉप उजवी कड वर करून दिव्याखाली धरला. "हे पिवळं पोर्ट दिसतंय? लॅपटॉप बंद असला तरी यातून करंट मिळतो. मोबाइलबिबाइल चार्ज करता यावा म्हणून दिलेला असतो. तुम्ही वापरता?"

"मी मोबाइल डावीकडं लावते. उजवीकडचं कधीच नाही."

"कोणीतरी वापरतंय ताई. हे काय लागलंय बघा."

पोर्टाच्या कडेला तपकिरी-काळा डाग होता. रुपचंदनं त्यावर स्पिरिटचा बोळा घासला, डाग हलला नाही. सारिका मूळची धुळे शहरातली. पण पाच महिने केळीवाल्यांच्या घरात काढल्यावर तो डाग ओळखायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. केळीचा चीक. घरातल्या प्रत्येक सदऱ्यावर, प्रत्येक लुगड्यावर तो होता, आणि तो धुवून जात नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिची कानशिलं तापली.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. घरात माणसं तीन. सासरे धनसिंगनानांकडे डब्बा फोन, चार दिवस चार्जिंगला नाही लागला तरी चालणारा. राहिली सासू. मंजुळाबाईंना भूपेंद्रनं दिवाळीला मोठा मोबाइल घेऊन दिला होता, आणि जेवणं उरकली की त्या खाटेवर पाय सोडून भजनांचे व्हिडिओ लावत. लग्न ठरताना त्यांनीच म्हटलं होतं, नोकरी कर, पण घरात राहून कर. घरात राहून केली, तर ही तऱ्हा! वाक्यं जुळवता जुळवता तिचा स्टॉप आला आणि गेलाही. पुढच्या फाट्यावर उतरून ती उन्हातून मागं चालत आली.

ओसरीत नाना खाटेवर पडले होते. सून दिसताच त्यांनी नेहमीप्रमाणे तोंड भिंतीकडं फिरवलं; तिनंही पदर डोक्यावर ओढला आणि कडेकडेनं आत गेली. या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. काही हवं असलं तर मंजुळाबाईंना सांगायचं, मग सून भिंतीपलीकडे का उभी असेना. पाच महिन्यांत दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता.

"उनी का माय? काय बोलना तो?" मंजुळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

सारिकानं तांब्या घेतला नाही. "बॅटरी चांगली आहे म्हणाला. रात्री घरातलं कोणीतरी माझ्या लॅपटॉपला वायर लावतं, म्हणून उतरते."

मंजुळाबाईंचा हात तसाच राहिला.

"केळीच्या हातांचा डाग आहे त्याच्यावर. आई, उद्या माझा शेवटचा दिवस आहे. उद्या बंद पडला तर नोकरी गेली, समजलं का? भजनं एक दिवस नाही ऐकली तर देव रागावणार नाही. पण इथं माझ्या पोटावर पाय येतोय!"

आवाज तिच्याही अंदाजापेक्षा मोठा निघाला. ओसरीपर्यंत गेला असणार हे तिला कळत होतं, आणि गेला तर जाऊ दे असंही वाटत होतं.

"व माय, ते मी नही..." मंजुळाबाई बोलायला लागल्या. ओसरीतून नानांचा खोकला आला. एकदाच, कोरडा. तांब्या मंजुळाबाईंनी माठावर ठेवला आणि त्या पीठ चाळायला बसल्या.

सारिकानं लॅपटॉप प्लगला लावला. बोर्डाच्या वर तिनंच महिन्यापूर्वी चिकटवलेली चिठ्ठी होती, जाड स्केचपेननं लिहिलेली: चार्जर काढू नये. तिची निघालेली एक कड तिनं अंगठ्यानं दाबून बसवली.

सकाळी लॅपटॉप अठ्ठ्याण्णव टक्के होता.

सारिकाला हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त, आपलं बरोबर निघालं याचा आनंद झाला. बोललं की होतं, उगाच सोसत बसले, असं तिच्या मनात आलं. मंजुळाबाई दाराशी उभ्या होत्या. चहा झाला तरी दाराशीच. फुगल्या असतील, सारिकानं ठरवून टाकलं आणि नऊला हेडफोन चढवले.

फॉर्म येत होते. पलीकडून हेमलता मॅडम प्रत्येक बोलणं ऐकत होत्या. सारिकाचा एक डोळा सतत स्क्रीनच्या कोपऱ्यात. ऐंशी. बहात्तर. मंजुळाबाई दारातून अंगणात जात, परत येत, त्यांच्या बांगड्यांचा आवाज हेडफोनमधूनही टोचत होता. कसली ही येरझार, आजच सुचली का? साडेदहाच्या सुमाराला बाहेर मोटरसायकल थांबली. दोन-तीन माणसांचे आवाज आले, खाट सरकल्याचा आवाज आला, आणि मंजुळाबाईंचा दाबलेला स्वर: "हळू बोला रे, तिन्हं काम चालू शे."

सारिकाचं बोट एका बटणावर अडकलं. पण कानात एक गृहस्थ पॉलिसी नंबर सांगत होता, तो तिनं पुन्हा विचारून घेतला.

एक वाजून चार मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन सारिका. पत्र संध्याकाळी येईल. उद्यापासून तुम्ही कायम." कोपऱ्यात आकडा होता चौदा.

ती हेडफोन काढून ओसरीत आली आणि दारातच थांबली. नाना खाटेवर होते. उजवा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, त्यावर हळदीचा लेप. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून वाळलेलं. शेजारचे तोताराम भाऊ उंबऱ्यावर बसून चहा पीत होते.

"काय झालं?" तिनं सासूला विचारलं.

"चारीमा पाय सरकना," मंजुळाबाई म्हणाल्या. बाकीचं तोताराम भाऊंनी सांगितलं. केळीची लाइन, म्हणजे शेतीची वेगळी वीज, रात्री अकराला येते. नाना पाण्याची मोटर लावून ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह बदलायला चालले होते, हातात डब्बा फोनचा तेवढा उजेड. पाय घसरला तसा फोनही चारीच्या पाण्यात गेला. पायावर भार देता येईना, काळोखात दिसेना, आणि गावातल्या जीवरामला त्याच बांधावर मागच्या महिन्यात साप चावलेला. नाना उजाडेपर्यंत जागचे हलले नव्हते. मोटरच्या आवाजात हाका कुणाला जाणार? सकाळी तोताराम भाऊ आपल्या केळीत गेले तेव्हा त्यांना दिसले.

"टॉर्च नव्हता का?" सारिकानं विचारलं.

खाटेखाली, नानांच्या चपलांशेजारी टॉर्च पडला होता, डोक्याला पट्टा लावून बांधायचा. त्याला हातभर काळी वायर गुंडाळलेली होती. वायरच्या टोकावर, बोटांनी धरतात तिथं, तपकिरी-काळा डाग.

"तू मोबाइल लावस ते त्यास्नी देखं व्हतं," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "सासरा सुनले कसा सांगी, माय? मीच सांगाले पाह्यजे व्हतं."

सारिकाला रडू फुटलं नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं. काल मोठ्यानं बोललेलं एकेक वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. नानांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. भिंतीलाच सांगावं तसे ते बायकोला म्हणाले,

"तिन्हं काम व्हयनं का? इचार तिले."

मंजुळाबाईंनी सुनेकडं पाहिलं. सारिकानं नुसती मान हलवली, आणि ती नानांना दिसली नाही.

तीन वाजता वीज आली. मधल्या खोलीतला पंखा कुरकुरत फिरू लागला. सारिकानं खाटेखालचा टॉर्च आधीच आणून ठेवला होता, आणि आपल्या मोबाइलचा चार्जरही. तिनं लॅपटॉपचा जाड प्लग धरून ओढला. तो सैल बोर्ड नेहमीसारखा कट्कन वाजला.

"अगं, ते काढू नको!" ओसरीतून नानांचा आवाज आला. बायकोच काहीतरी करते आहे असं त्यांना वाटलं होतं. "तठे चिठ्ठी लायेल शे."

सारिकानं टॉर्चची वायर लावली. लाल दिवा लागला. मग तिनं चिठ्ठी भिंतीवरून सोलून काढली, तिच्याबरोबर चुन्याचा पोपडाही आला, आणि ती मुठीत धरून ओसरीच्या दारात जाऊन उभी राहिली. भांड्यांपाशी बसलेल्या मंजुळाबाईंचे हात थांबले.

"चिठ्ठी माझी होती, नाना," ती म्हणाली. "मीच काढली."

नानांनी सवयीनं तोंड फिरवायला सुरुवात केली. पण सुजलेल्या पायामुळं त्यांना चटकन कुशीवर होता येईना. ते तसेच राहिले, आढ्याकडं बघत. पदर डोक्यावरून घसरला होता तो सारिकानं वर घेतला, पण ती दारातून हलली नाही.

"मंग सकायले तुले बॅटरी पुरी का?" त्यांनी विचारलं. मधे मंजुळाबाईंचं नाव नव्हतं.

"पुरवू, नाना," सारिका म्हणाली.